मेगॅलोडॉन अजून समुद्रात असेल का?

नवीन पनवेल मागे टाकून गाढी नदीचा पूल ओलांडला की विचुंबे लागते. माथेरानच्या डोंगररांगेकडून येणारी ही नदी पुढे पनवेलच्या खाडीला मिळते, पनवेलची खाडी ठाण्याच्या खाडीला, आणि मुंबईच्या बंदरावरून हे सगळे पाणी अरबी समुद्रात जाते. आमच्यापैकी एकाने विचुंब्याच्या मुलांसमोर हा नकाशा फळ्यावर काढला, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे सर, मेगॅलोडॉन आपल्या खाडीपर्यंत येऊ शकतो?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. विचारणारा मुलगा मात्र हसत नव्हता. त्याने 'द मेग' हा २०१८ सालचा चित्रपट पाहिला होता, २०२३ सालचा त्याचा दुसरा भागही पाहिला होता, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या कितीतरी चित्रफिती. "तो केव्हाच नामशेष झाला," असे सांगून आम्ही मोकळे होऊ पाहत होतो, तोच दुसरा प्रश्न आला, "कशावरून?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. एखादी गोष्ट आहे हे दाखवायचे तर ती समोर आणून ठेवली की काम झाले. ती नाही हे कसे दाखवायचे? मुलांची बाजूही काही लेचीपेची नव्हती. समुद्र अफाट आहे, त्याचा तळ माणसाने अजून फारच थोडा पाहिला आहे, आणि नामशेष समजलेला एक मासा पुन्हा सापडल्याचे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्या दिवशी आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. नंतर ते जुळवताना आम्हालाच बरेच शिकायला मिळाले. तुमच्या वर्गातही हा प्रश्न येईलच, म्हणून तो सगळा प्रवास इथे मांडत आहोत.

मुशीचे दात आणि जिभेचे दगड

शार्क म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर परदेशी समुद्र येतो. वास्तविक शार्क म्हणजे आपली मुशी. मालवणकडे तिलाच मोरी म्हणतात. पनवेलच्या मासळी बाजारात लहान मुशी सहज मिळते. ती कापताना पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. पापलेट किंवा बांगड्यासारखे टणक काटे तिच्यात नसतात. तिचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात वा नाकाच्या शेंड्यात असते तशा लवचिक पदार्थाचा असतो. मेल्यावर कूर्चा लवकर कुजते. त्यामुळे शार्कचे सबंध जीवाश्म फार क्वचित मिळतात. मागे उरतात ते मुख्यतः दात, आणि दातांची उणीव शार्कला कधीच नसते. पुढच्या दातांमागे नव्या दातांच्या रांगा तयारच असतात. पुढचा पडला की मागचा सरकून त्याची जागा घेतो. एका शार्कच्या आयुष्यात असे हजारो दात गळतात.

हे दगडासारखे दात युरोपात पूर्वीपासून सापडत. लोक त्यांना 'जिभेचे दगड' म्हणत आणि सर्पविषावर उतारा म्हणून जवळ बाळगत. १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ एक मोठा शार्क पकडला गेला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाकडे पाठवण्यात आले. डोक्याचे विच्छेदन करताना स्टेनोला दिसले की जिभेचे दगड आणि या माशाचे दात हुबेहूब सारखे आहेत. पण मग माशाचे दात डोंगरातल्या खडकात गेले कसे? या एका प्रश्नावरून तो गाळाचे थर, त्यांचा क्रम आणि त्यांचे वय अशा विचारांकडे वळला. भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत स्टेनोचे नाव आज घेतले जाते, ते एका माशाच्या दातापायी!

अशाच दातांवरून मेगॅलोडॉनची ओळख पटली. नावाचा अर्थच 'मोठा दात'. हे नाव स्विस शास्त्रज्ञ लुई अगासीझ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. आज बहुतेक अभ्यासक त्याला ओटोडस मेगॅलोडॉन म्हणतात. त्याचा सर्वांत मोठा दात सुमारे १८ सेंटिमीटरचा आहे. वर्गातल्या पट्टीवर हे अंतर मोजून दाखवा, पुढचे वर्णन करावे लागणार नाही. दात सोडले तर काही मणके मिळाले आहेत. बेल्जियममध्ये एकाच प्राण्याच्या कण्याचा मोठा भाग सापडला. त्यावरून २०२२ मध्ये त्या प्राण्याची लांबी सुमारे १६ मीटर काढण्यात आली. त्याहून बऱ्याच मोठ्या एका मणक्याचा आधार घेऊन २०२५ मधल्या अभ्यासाने सर्वांत मोठा मेगॅलोडॉन २४ मीटरच्या आसपास असावा असे म्हटले. एसटीची गाडी साधारण दहा-अकरा मीटर लांब असते. तशा दोन गाड्या एकापुढे एक उभ्या करा. चित्रपटात दाखवतात ती आकृती मात्र आजच्या 'ग्रेट व्हाइट' शार्कला फुगवून काढलेली आहे. अलीकडचे संशोधक तो अधिक सडपातळ असावा असे मानतात. सबंध सांगाडा कोणीच पाहिलेला नाही, तेव्हा ही चर्चा चालूच राहील.

मग विचुंब्याच्या डोंगराळ बाजूला खणले तर असा दात मिळेल का? मुलांनी हेही विचारले. दुर्दैवाने नाही. आपल्या पायाखाली आहे तो दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. मेगॅलोडॉन अवतरला सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी. तोवर हा खडक चार कोटी वर्षांहून जुना झाला होता. शार्कचा दात सापडायचा तर त्याच्या काळात समुद्राखाली साचलेल्या गाळाचा खडक हवा. आपल्या देशात असा खडक ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात बारीपदाजवळ आहे. आज समुद्रापासून बऱ्याच आत असलेल्या त्या थरांतून मेगॅलोडॉनचे दात मिळाले आहेत. म्हणजे हा प्राणी भारताच्या किनाऱ्यावर होता, यात शंका नाही. प्रश्न आहे तो आजचा.

टाचणी आणि म्हैस

घरात टाचणी पडली, शोधली आणि सापडली नाही, तर 'घरात टाचणी नाही' असे आपण म्हणत नाही. पण घरात म्हैस आहे का, असे कोणी विचारले तर दारातून एक नजर पुरते. न दिसण्याला किती किंमत द्यायची, हे दिसण्याची अपेक्षा किती होती यावर ठरते. तेव्हा मेगॅलोडॉन ही टाचणी आहे की म्हैस, हे आधी ठरवायला हवे.

थोडा हिशेब करू. एकटा प्राणी लाखो वर्षे जगत नाही. जात टिकायची तर नर, माद्या, पिल्ले अशी सगळी वस्ती लागते. समजा, साऱ्या जगात मिळून फक्त एक हजार मेगॅलोडॉन उरले आणि प्रत्येकाचे वर्षाला दोनशे दात गळाले. हे आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत. तुम्ही हवे ते धरा. वर्षाला दोन लाख दात झाले. ज्या काळापासून त्याचा मागमूस लागत नाही तो काळ आहे सुमारे ३६ लाख वर्षांचा. एवढ्या काळात दात झाले ७२ हजार कोटी. यातले बहुतेक झिजून, विरघळून गेले असे धरले तरी काही तर उरायला हवेत. प्रत्यक्षात काय दिसते? दोन कोटी ते ३६ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत त्याचे दात अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर सापडतात. त्याहून वरच्या, म्हणजे नव्या थरांत इतर शार्कचे दात भरपूर आहेत, पण मेगॅलोडॉनचा एकही खात्रीचा दात नाही. कुठे एखादा मिळालाच तर तो जुन्या थरातून धुपून नव्या गाळात आलेला असतो.

हा ३६ लाखांचा आकडाही तपासून घेतलेला आहे. पूर्वी २६ लाख वर्षे असे मानत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दातांच्या नोंदी एकेक करून पडताळल्या गेल्या. ज्यांचा थर वा ठिकाण संशयास्पद होते अशा नोंदी बाजूला काढल्या, तेव्हा अखेरची खात्रीची नोंद दहा लाख वर्षांनी मागे सरकली.

समुद्रतळावरचे दोन दात

मेगॅलोडॉन जिवंत आहे असे म्हणणारे एक पुरावा हमखास पुढे करतात. तो नीट पाहण्यासारखा आहे, कारण तो थापेबाजांचा नाही. एका शास्त्रज्ञाने प्रामाणिकपणे केलेल्या गणिताचा तो आहे.

ब्रिटिश जहाज 'चॅलेंजर' १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांचा अभ्यास करत फिरले. पॅसिफिकच्या खोल तळावरून त्याने वर काढलेल्या वस्तूंत मेगॅलोडॉनचे दातही होते. त्यांच्यावर मँगनीजच्या संयुगाचे काळे कवच चढलेले होते. १९५९ मध्ये व्लादिमीर चेर्नेत्स्की यांनी 'नेचर' या नियतकालिकात अशा दोन दातांचे वय मांडले. कवच वर्षाला किती चढते याचा एक वेग त्यांनी धरला आणि कवचाच्या जाडीला त्याने भागले. उत्तर आले एका दाताला सुमारे ११ हजार वर्षे आणि दुसऱ्याला सुमारे २४ हजार. म्हणजे हिमयुगातला माणूस गुहेत चित्रे काढत होता तेव्हा मेगॅलोडॉन समुद्रात पोहत होता!

हे गणित आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर सोडवण्याजोगे आहे. कवच ३.६ मिलिमीटर जाडीचे धरा आणि वेग हजार वर्षांना ०.१५ मिलिमीटर. भागाकार करा, २४ हजार वर्षे येतात. आता वेग बदलू. खोल समुद्राच्या तळावर मँगनीजचे बटाट्याएवढे गोटे पसरलेले असतात. त्यांची वाढ पुढे किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या साहाय्याने मोजली गेली आणि ती अविश्वसनीय वाटावी इतकी मंद निघाली: दहा लाख वर्षांना काही मिलिमीटर. तीन मिलिमीटर धरले, तर तेच ३.६ मिलिमीटरचे कवच चढायला १२ लाख वर्षे लागतील. जाडी तीच, भागाकार तोच, पण उत्तर पन्नास पटींनी बदलले.

तरीही कोणी म्हणेल, १२ लाख म्हणजे ३६ लाखांपेक्षा कमीच की. इथे दुसरी गोम आहे. माळ्यावरच्या पितळी हंड्यावरची धूळ मोजून हंडा कधी घडवला ते सांगता येईल का? फार तर तो शेवटचा कधी पुसला गेला ते कळेल. दात पडल्याबरोबर त्यावर कवच चढू लागते असे नाही. तो गाळात पुरलेला राहू शकतो, पुन्हा उघडा पडू शकतो, मध्येच वाढ थांबू शकते. कवचाचे वय म्हणजे दाताचे किमान वय. दात त्याहून कितीही जुना असू शकतो.

चेर्नेत्स्कींना आम्ही हसणार नाही. त्यांनी वेग उघडपणे मांडला होता, म्हणून तर तो चुकीचा ठरवता आला. २०१३ मध्ये डिस्कव्हरी वाहिनीने मेगॅलोडॉन जिवंत असल्याचा जो कार्यक्रम दाखवला त्यात शास्त्रज्ञांची कामे नटांनी केली होती. तिथे तपासायला काहीच ठेवलेले नव्हते. या दोन्ही चुका एका पंक्तीत बसवू नयेत.

जाता जाता, हे मँगनीजचे गोटे आपल्याला परके नाहीत. गोव्यात दोना पावला इथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळावरून असे गोटे पहिल्यांदा वर काढले. पुढे १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्यांच्या शोधासाठी भारताच्या नावे नोंदले गेले. समुद्रतळावरचा असा गोटा कापला तर त्याच्या गाभ्यात पुष्कळदा शार्कचा दात निघतो. कवच चढायला काहीतरी कठीण दाणा लागतो आणि तळावर दातांची कमतरता नाही.

खोल पाण्यात लपला असेल तर?

चित्रपटातले उत्तर हेच आहे. अकरा किलोमीटर खोलीची मरियाना गर्ता, तिच्या तळाशी कोणी न पाहिलेले जग, आणि तिथे तो. मुलांना हे पटते, कारण जिथे आपण गेलो नाही तिथे काहीही असू शकते असे वाटते. पण लपणाऱ्याला तिथे जगताही आले पाहिजे.

खोल समुद्रातले पाणी एक ते चार अंश सेल्सियसचे असते. प्रकाश नसल्याने तिथे वनस्पती नाहीत. वरून झिरपत येणारे मृत कण आणि अधूनमधून बुडालेले एखादे कलेवर हेच अन्न. मेगॅलोडॉनची गरज याच्या अगदी उलट होती. २०२३ मध्ये त्याच्या दातांवरच्या एनॅमलमधल्या समस्थानिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या जड अणूंची एकमेकांशी जोडी जमण्याचे प्रमाण तापमानावर अवलंबून असते. थंडीत अशा जोड्या जास्त जमतात. दात तयार होताना शरीराचे तापमान किती होते ते या जोड्या मोजून काढता येते. उत्तर आले सरासरी २७ अंशांच्या आसपास, म्हणजे भोवतालच्या पाण्याहून सुमारे सात अंश जास्त. शरीर गरम ठेवायचे म्हणजे चुलीत सतत लाकडे घालणे आले. २०२२ मधल्या एका अंदाजानुसार त्याला दिवसाला ९८ हजार किलोकॅलरींहून अधिक ऊर्जा लागत असावी, साधारण चाळीस-पन्नास माणसांचा आहार. व्हेलच्या हाडांवर त्याच्या दातांच्या खुणा आहेत, तेव्हा ही भूक कशाने भागत होती तेही कळते. व्हेल हवेत श्वास घेतात. त्यांना पृष्ठभागावर यावेच लागते, आणि त्यांना खाणाऱ्यालाही त्यांच्या मागे वरच राहावे लागते.

शिवाय तीन हजार मीटरपेक्षा खाली शार्क जवळजवळ आढळतच नाहीत, कुठलेच. पोहण्याची पिशवी नसल्यामुळे शार्क मोठ्या तेलकट यकृताच्या आधारे तरंगतो. एवढे तेल साठवायला लागणारे अन्न त्या खोलीवर मिळत नाही, असे यामागचे एक कारण सांगितले जाते. महासागराच्या तळाचा बहुतांश भाग याहून खोल आहे. म्हणजे जी जागा आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे तीच शार्कला सर्वांत कमी मानवते.

उरला वरचा समुद्र. आपल्या रायगड जिल्ह्यातच रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जून २०१५ मध्ये सुमारे चाळीस फुटांचा निळा देवमासा येऊन अडकला आणि मेला. असे देवमासे जगभर किनाऱ्याला लागतात आणि त्यांची अंगे तपासली जातात. अंगावर बोटीच्या पंख्याच्या जखमा सापडतात, जाळ्यांचे वळ सापडतात, आणि जेमतेम अर्ध्या मीटरच्या 'कुकीकटर' नावाच्या शार्कने बिस्किटाच्या साच्याने कापावे तसे काढलेले गोल लचके सापडतात. अर्ध्या मीटरचा शार्क देवमाशांच्या अंगावर सही करून जातो. पंधरा-वीस मीटरच्या शार्कची सही कोणी पाहिलेली नाही. तेव्हा ही म्हैसच म्हणायची, टाचणी नव्हे.

तो का संपला याचे एकच उत्तर नाही. समुद्र थंड होत गेले, पाणी मागे हटल्याने पिल्ले वाढवण्याची उथळ ठिकाणे कमी झाली, मध्यम आकाराच्या व्हेलच्या अनेक जाती गेल्या, आणि त्याच शिकारीवर डोळा ठेवणारा, कमी खाऊन भागवणारा ग्रेट व्हाइट शार्क पुढे आला. यांतले एकच कारण निवडण्याचा हट्ट आम्हाला पटत नाही. मोठ्या शरीराला आणि मोठ्या भुकेला यांतले प्रत्येक संकट जरा जास्तच जाचले असणार.

पण सीलाकँथ सापडला होता ना?

हा आक्षेप मुलांनी घेतला तेव्हा आम्हाला आनंद झाला, कारण तो योग्य आहे. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात एका मासेमारी जहाजाच्या ढिगात तिथल्या संग्रहालयाच्या मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना निळसर, जाड खवल्यांचा एक विचित्र मासा दिसला. प्राध्यापक जे. एल. बी. स्मिथ यांनी तो सीलाकँथ असल्याचे ओळखले. हा गट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असे सारे मानत होते. दुसरा नमुना मिळायला १९५२ साल उजाडले. तो कोमोरो बेटांवर मिळाला, आणि तिथल्या कोळ्यांना हा मासा पूर्वीपासून चांगला ठाऊक होता!

मग साडेसहा कोटी वर्षांची पोकळी चालते तर ३६ लाखांची का नाही? फरक पुराव्याच्या अपेक्षेत आहे. सीलाकँथ दीड-दोन मीटरचा. शंभर-दोनशे मीटर खोलीवर, उभ्या कड्यांच्या कपारींत राहणारा. तो हजारो दात गाळत नाही, देवमासे फाडत नाही, आणि त्याच्या राहण्याच्या जागी साचलेले थर जमिनीवर क्वचितच उघडे पडतात. तो टाचणी होता.

मुलांना ठाऊक नसलेले एक उदाहरण आम्हीच त्यांच्या बाजूने दिले. नोव्हेंबर १९७६ मध्ये हवाई बेटांजवळ अमेरिकी नौदलाच्या एका जहाजाच्या नांगरात साडेचार मीटरचा शार्क अडकून वर आला. असा शार्क तोवर कोणीच पाहिला नव्हता. भल्या मोठ्या जबड्यामुळे त्याला 'मेगामाउथ' म्हणतात. म्हणजे मोठा शार्क नजरेतून निसटू शकतो. मात्र हा संथपणे पोहत पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा प्राणी आहे. एकदा ओळख पटल्यावर पुढच्या वर्षांत त्याचे शंभराहून अधिक नमुने नोंदले गेले. मेगॅलोडॉनला तर लोक दोनशे वर्षे ओळखतात.

ससून डॉकवरची मादी

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हरवलेला शार्क परत सापडल्याचे उदाहरण आपल्या दाराशीच आहे.

गंगा शार्क नावाची जात १८३९ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदली. बारीक डोळ्यांचा, आखूड गोल मुस्कटाचा हा मासा नद्यांच्या आणि खाड्यांच्या गढूळ पाण्यात राहतो. त्याचे खात्रीचे नमुने इतके थोडे की दहा वर्षांहून अधिक काळ कुठेही निश्चित नोंद नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरवलेल्या मासळीत अभ्यासकांना २६६ सेंटिमीटर लांबीची एक मादी दिसली. पंखांची मापे, मुस्कटाचा आकार, दात असे सगळे पडताळून ती गंगा शार्क असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. १८७५ मध्ये सुरू झालेल्या त्या धक्क्यावर रोज पहाटे टनावारी मासळी उतरते. तिथे वही आणि मोजपट्टी घेऊन उभे राहणारे कोणी होते, म्हणून ही नोंद झाली. नाहीतर ती एक मोठी मुशी म्हणून लिलावात गेली असती.

पाँडिचेरी शार्क आपल्याच किनाऱ्यांवरचा, जेमतेम मीटरभर लांबीचा. त्याची शेवटची खात्रीची नोंद १९७९ सालची आहे. हे दोन्ही शार्क आणि आजच्या जगातला सर्वांत मोठा मासा असलेला व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. व्हेल शार्क कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर येतो, तो १८ मीटरपर्यंत वाढतो आणि मेगामाउथसारखाच बारीक जीव गाळून खातो. म्हणजे आपल्या समुद्रात महाकाय शार्क आहे का, याचे उत्तर 'आहे' असेच आहे. त्याच्यावर चित्रपट निघत नाही, एवढेच.

पुढच्या भेटीत आम्ही पनवेलच्या बाजारातून मुशीचे डोके विकत घेऊन विचुंब्याला गेलो. जबडा उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरून मांस सोडवले. (फार वेळ ठेवू नका, कूर्चा मऊ पडते. आमचा पहिला जबडा असाच हातात आला.) मुलांनी पुढची रांग मोजली, टाचणीने हिरडी मागे सारून आतल्या आडव्या झोपलेल्या रांगा पाहिल्या. मोजता मोजता एक दात सुटून कागदावर पडला, तांदळाच्या दाण्याहून लहान. तो कोणी घ्यायचा यावर थोडे भांडणही झाले.

पहिला प्रश्न विचारणारा मुलगा मात्र फळ्यावरच्या नकाशाकडे बघत होता. "सर, तो गंगा शार्क खाडीतून नदीत शिरतो ना? मग आपल्या गाढीत कधी आला असेल?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पनवेलच्या कोळीवाड्यात जुन्या माणसांना जाऊन विचार, कशी मुशी कुठे मिळायची ते लिहून आण, असे आम्ही त्याला सांगितले. त्याने वहीत ससून डॉकवरच्या मादीचे माप लिहून घेतले, २६६ सेंटिमीटर, आणि मित्राला भिंतीशी उभे करून किती उंच होते ते खडूने मोजायला लागला.